निकालात पहिला, संख्येत सर्वांत लहान : कोकणातील हायस्कुलांविषयी वाचकांचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की या सदराकडे शाळांविषयीची पत्रे येऊ लागतात. या खेपेच्या पत्रांतील बरीचशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतून, किंवा तेथे घर असून पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या वाचकांकडून आली आहेत. त्यांतील एकमेकांत गुंतलेले सहा प्रश्न येथे घेतले आहेत. कोकणात सार्वजनिक हायस्कूल म्हणजे बहुतांश ठिकाणी गावच्या किंवा पंचक्रोशीच्या संस्थेने काढलेली आणि शिक्षकांचा पगार शासनाकडून मिळणारी अनुदानित शाळा होय. जिल्हा परिषदेची किंवा थेट शासनाची हायस्कुले थोडी आहेत. उत्तरांत ‘शाळा’ हा शब्द प्रामुख्याने या अनुदानित हायस्कुलांसाठी वापरला आहे.

प्रश्न : कोकण विभाग दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिला येतो. आमच्या गावच्या हायस्कूलचा निकालही शंभर टक्के लागला. तरीही ज्यांना परवडते ती कुटुंबे मुलांना तालुक्याच्या ठिकाणी किंवा मुंबईला पाठवतात. निकाल एवढा चांगला असताना शाळा चांगली आहे असे मानायला हरकत काय? (एक पालक, लांजा तालुका)

उत्तर : हरकत नाही, पण निकालाचा आकडा नेमके काय मोजतो हे आधी पाहावे लागेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पूर्वी कोल्हापूर विभागीय मंडळात होते. २०१२ पासून त्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झाले आणि तेव्हापासून दहावीत हा विभाग अव्वल राहिला आहे. मार्च २०२५ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकणचा ९८.८२ टक्के आणि सर्वांत खाली असलेल्या नागपूर विभागाचा ९०.७८ टक्के होता. त्याच्या आदल्या वर्षी राज्याचा निकाल ९५.८१, तर कोकणचा ९९.०१ टक्के होता. या क्रमात योगायोगाचा भाग फारसा नसावा, कारण परीक्षेची रीत बदलली त्या वर्षीही तो मोडला नाही.

ते वर्ष २०१९ चे. भाषा आणि समाजशास्त्र या विषयांतील शाळेकडून दिले जाणारे वीस गुण त्या वर्षी काढून टाकले होते आणि मुलांना या विषयांत लेखी परीक्षेच्या बळावरच उत्तीर्ण व्हायचे होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले गेले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. एका वर्षात राज्यातील मुले इतकी ढासळली आणि पुढच्या वर्षी इतकी सुधारली असे कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती प्रामुख्याने गुण देण्याची पद्धत. मात्र त्या कठीण वर्षीही कोकण ८८.३८ टक्क्यांवर होता आणि नागपूर ६७.२७ टक्क्यांवर. एरवी चारआठ टक्क्यांचे दिसणारे अंतर एकवीस टक्क्यांवर गेले. कोकणातील मुले लेखी परीक्षेलाही अधिक तयार होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या शाळेचा २०१९ चा निकाल मुख्याध्यापकांकडे मागा. अलीकडच्या पाच शंभर टक्क्यांपेक्षा तो एक आकडा अधिक बोलका असेल.

उत्तीर्णांची टक्केवारी वरच्या टोकाविषयी मात्र काहीच सांगत नाही. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यांतील ११३ एकट्या लातूर विभागातील होते आणि कोकणातील अवघे ९. गंमत अशी की त्याच लातूर विभागाचा एकूण निकाल ९२.७७ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून कमी होता. (हे शंभर टक्के सहा विषयांतील उत्तम पाच विषयांवर काढलेले असतात आणि त्यांत कला-क्रीडेचे वाढीव गुणही धरलेले असतात, हेही लक्षात असू द्यावे.) कोकण विभागात परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या लातूरपेक्षा पुष्कळच कमी असते हे खरे, तरी एवढे अंतर केवळ संख्येने भरून निघत नाही. जवळपास प्रत्येक मुलाला उत्तीर्ण करून पुढे पाठवणे आणि काही मुलांना अगदी वर नेणे ही दोन निराळी कामे आहेत. कोकणातील हायस्कुले पहिले काम राज्यात सर्वांत चांगले करतात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या पालकाला हवे असते ते दुसरे, आणि तुमच्या ओळखीची कुटुंबे बहुधा त्यासाठीच बाहेर पडत असावीत.

प्रश्न : मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शंभर टक्के निकालाच्या फलकामागे नववीत मागे ठेवलेली आणि सतरा नंबरच्या फॉर्मकडे, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याकडे, वळवलेली मुले असतात, हे शिक्षण क्षेत्रातील सर्वांना ठाऊक आहे. पालकांनी हे ओळखावे कसे? (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : तुमचे म्हणणे सर्वच शाळांना लागू नाही, पण त्यात तथ्य आहे. मंडळ जो निकाल जाहीर करते आणि वर्तमानपत्रे जो छापतात तो नियमित विद्यार्थ्यांचा असतो. २०२५ मध्ये राज्यात असे १५,४६,५७९ विद्यार्थी परीक्षेला बसले आणि १४,५५,४३३ उत्तीर्ण झाले. सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसलेल्या २८,०२० जणांचा निकाल वेगळा लागला, तो ८०.३६ टक्के. पुनर्परीक्षार्थी २३,९५४ होते आणि त्यांतील ३९.४४ टक्केच उत्तीर्ण झाले. शाळेच्या फलकावर या दोन गटांना जागा नसते. एखादे कच्चे मूल नियमित यादीतून खासगी यादीत गेले की शाळेची टक्केवारी सुधारते, त्या मुलाच्या पदरी मात्र वर्गात बसण्याचा हक्क गमावण्याखेरीज काही पडत नाही.

नववीची गोष्ट शिक्षण हक्क कायद्याशी जोडलेली आहे. त्या कायद्याने आठवीपर्यंत नापास करण्यास बंदी घातली आणि दहावीची परीक्षा मंडळाकडे असल्यामुळे, मूल गाळण्याची मोकळीक शाळेला एका नववीतच उरली. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम करून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तिच्यामुळे गाळणी एक इयत्ता अलीकडे सरकते की कच्ची मुले वेळेवर लक्षात येतात, हे शाळेच्या हेतूवर अवलंबून राहील.

ओळखण्याचा मार्ग कागदावर सोपा आहे. मार्च २०२५ ला दहावीला बसलेली तुकडी २०२२-२३ मध्ये आठवीत होती. त्या वर्षीच्या आठवीचा पट किती होता, त्यांतील किती मुले दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली, किती नववीत राहिली आणि किती नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसली, एवढे चार आकडे विचारावेत. समजा आठवीत तीस मुले होती, चार कुटुंबांसह मुंबईला गेली आणि पंचवीस दहावीला बसली, तर एका मुलाचा हिशेब लागायचा राहिला आणि शाळेला त्याविषयी सांगता आले पाहिजे. तीसपैकी अठराच बसली असतील तर शंभर टक्के निकालाचे कौतुक थांबवून चौकशी करावी. अनुदानित शाळेला माहितीचा अधिकार लागू आहे, तरी गावच्या शाळेत अर्ज करण्याची वेळ सहसा येऊ नये. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारले तरी पुरते.

छोट्या शाळांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दहावीत चौदा मुले असतील आणि एक नापास झाले, तर निकाल ९२.८६ टक्के लागतो. २०२५ च्या राज्याच्या सरासरीपेक्षा तो कमी आहे. म्हणजे एका मुलाच्या आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने ती शाळा ‘सरासरीखालची’ ठरते. अशा शाळेचा एका वर्षाचा निकाल वाचण्यात अर्थ नाही. पाच वर्षांची मुले एकत्र करून किती बसली आणि किती उत्तीर्ण झाली ते पाहावे. एका मुलाने शाळेची पायरी खाली जाते हे ठाऊक असलेल्या मुख्याध्यापकावर केवढा दबाव येत असेल, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्या दबावातूनच पुष्कळदा सतरा नंबरचा सल्ला दिला जातो.

प्रश्न : शाळा समितीच्या प्रत्येक बैठकीत घटत्या पटाचे खापर शिक्षकांवर किंवा इंग्रजी माध्यमावर फोडले जाते. खरे कारण कोणते? आणि पटाचा जो आकडा शासनाकडे जातो तो विश्वासार्ह असतो का? (शाळा समितीचे एक सदस्य, देवगड तालुका)

उत्तर : पहिले कारण शाळेच्या फाटकाबाहेरचे आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, म्हणजे ४.८२ टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ झाली. ही घट २.२१ टक्के. राज्यात यांच्याखेरीज केवळ मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या कमी झाली होती. त्या जनगणनेच्या सुमारास जन्मलेली मुले आज दहावीच्या उंबरठ्यावर आहेत. जी पिढी आधीच घटत्या लोकसंख्येत जन्मली, तिची हायस्कुलातील संख्या कोणत्याही शिक्षकाला वाढवता आली नसती. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावत्या वयाचे पुरुष बाहेर असल्याची ती खूण आहे. एकेकाळी चाकरमानी एकटा मुंबईला जाई आणि बायकामुले गावी राहत, त्यामुळे शाळेचा पट टिकून होता. आता विरार, डोंबिवली, बदलापूर येथे खोली घेता आली की कुटुंबच निघते आणि मुलांचे दाखलेही त्याच आठवड्यात निघतात. नवी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची आहे. तिचे आकडे येतील तेव्हा समितीने आपल्या महसुली गावांचे सहा वर्षांखालील मुलांचे आकडे आवर्जून काढावेत. पुढच्या दहा वर्षांच्या पटाचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

दुसरे कारण माध्यमाचे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा निघते, तिची पिवळी बस वाडीच्या तोंडाशी येते आणि पहिलीपासूनची मुले तिकडे जातात. हायस्कूलला ही गळती पाच-सात वर्षांनी जाणवते, कारण तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेतील सातवीचा वर्ग अर्धा झालेला असतो. अनेक मराठी हायस्कुलांनी सेमी इंग्रजीचा मार्ग घेतला आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून. जेथे हे दोन विषय शिकवणारे शिक्षक त्या भाषेत खरोखर तयार आहेत तेथे या मार्गाने काही कुटुंबे थांबली आहेत. जेथे फलक सेमी इंग्रजीचा आणि वर्गात पाठ्यपुस्तकाचे मराठी भाषांतर वाचून दाखवणे चालते, तेथे मुलांचे दुहेरी नुकसान होते. समितीला शिक्षकांना दोष द्यायचाच असेल तर तो या दुसऱ्या प्रकारापुरता द्यावा.

आकड्याच्या विश्वासार्हतेविषयी. महाराष्ट्रात पट फुगवण्याचा इतिहास आहे. नांदेड जिल्ह्यात केलेल्या पडताळणीत खोटी पटसंख्या उघड झाल्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली आणि तेच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद यूडायस प्लस या केंद्राच्या शालेय माहितीच्या ऑनलाइन प्रणालीत होते, ती आधारशी पडताळली जाते आणि ३० सप्टेंबरची संख्या प्रमाण धरली जाते. फुगवटा त्यामुळे बराच कमी झाला. मात्र २०२२-२३ पासून ही विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाल्याने त्यापूर्वीचे आणि नंतरचे एकूण आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेच म्हटले आहे. म्हणून ‘दहा वर्षांत पट इतक्या टक्क्यांनी कोसळला’ असे कोणी सांगितले, तर त्यातला किती भाग मुले कमी झाल्याचा आणि किती मोजण्याची रीत बदलल्याचा, हे विचारले पाहिजे. तुमच्या एका शाळेपुरते हजेरीपत्रक हाताशी आहे; तेवढ्यासाठी कोणत्याही पोर्टलची गरज नाही. उलट बाजूही आहे : आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून वर्गात रोज बसणारे मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करताना, मोजले जात नाही. अशा मुलांची यादी ऑगस्टमध्येच करून दुरुस्त्या उरकल्या, तर सप्टेंबरअखेरची धावपळ वाचते आणि एखादे पदही वाचू शकते.

प्रश्न : आमच्या हायस्कुलात आठवी ते दहावी मिळून साठच्या आत मुले आहेत. संचमान्यतेत दरवर्षी एखादे पद जाते. गणिताच्या शिक्षकांची जागा रिकामी आहे, इतिहासाचे सर भूगोलाबरोबर हिंदीही शिकवतात. अशा शाळा बंद करून मोठ्या शाळेत मुले नेणे हेच बरे नव्हे का, असे आता शिक्षकही विचारू लागले आहेत. (एक शिक्षिका, मंडणगड तालुका)

उत्तर : हा प्रश्न खरे तर दोन प्रश्नांचा आहे. शाळेला शिक्षक किती मिळावेत हे संचमान्यतेने ठरते. शाळा कोठे असावी हे अंतराने ठरायला हवे. आपल्याकडे पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर लादले जाते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि वीसपेक्षा कमी पट असलेल्या वरच्या वर्गांना नियमित शिक्षक मिळण्याचा आधारच हलला. त्याविरुद्ध शिक्षक संघटनांनी राज्यभर आवाज उठवला. त्याच्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळांचे समूह शाळांत, म्हणजे जवळच्या छोट्या शाळांची मुले एकत्र आणून चालवलेल्या शाळांत, रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. तोरणमाळ आणि पानशेत येथील प्रयोग त्या वेळी नमुना म्हणून सांगितले गेले. अशा शाळांची संख्या राज्यात साडेचौदा हजारांहून अधिक सांगितली जात होती. त्या मुख्यत्वे प्राथमिक शाळा असल्या, तरी त्यांतूनच हायस्कूलला मुले येतात, म्हणून तो प्रश्न तुमचाही आहे.

विद्यार्थीसंख्येवर शिक्षक देण्याचे गणित शहरात किंवा दाट वस्तीच्या देशावरच्या गावांत चालते. माध्यमिक शाळेत मात्र विषय मुलांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाहीत. दहावीत बारा मुले असोत की साठ, त्यांना गणित, विज्ञान, तीन भाषा आणि समाजशास्त्र शिकावेच लागते. गणित-विज्ञानाला एक, भाषांना दोन आणि समाजशास्त्राला एक असे किमान चार शिक्षक नसतील, तर ते हायस्कूल म्हणणे अवघड आहे. पटाशी न बांधलेला असा किमान संच प्रत्येक दुर्गम हायस्कूलला मिळावा, हे माझे मत आहे. २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली, नंतर पवित्र पोर्टलमार्फत भरती टप्प्याटप्प्याने सुरू झाली; या मधल्या काळात निवृत्त झालेल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या जागा अनेक शाळांत घड्याळी तासिकांवर (तासाप्रमाणे पैसे देऊन) किंवा जवळच्या कोणा पदवीधराच्या मानधनावर भागवल्या गेल्या. एवढे असूनही कोकणचा निकाल टिकला, याचे श्रेय त्या लोकांना फारसे कोणी देत नाही.

आता अंतर. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने २००९ मध्ये पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे उद्दिष्ट ठेवले होते. मंडणगड, खेड, राजापूर अशा तालुक्यांत नकाशावरचे पाच किलोमीटर आणि पायाखालचे पाच किलोमीटर यांत मोठा फरक असतो. जूनपासून पऱ्ये आणि वहाळ भरून वाहतात, साकव नसेल तर वाडी दुपारपर्यंत तुटते, आणि एसटीची सकाळची फेरी रद्द झाली की पुढची दहानंतर असते. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो ही चांगली सोय आहे. मात्र गाडीच आली नाही तर पासाचा उपयोग काय? शाळा दूर गेल्यावर पहिल्यांदा कोणाचे नाव गळते, हे तुम्ही वर्गात पाहिलेच असेल. बहुधा ती धाकट्या भावंडांना सांभाळणारी किंवा घरी एकटी आजी असलेली मुलगी असते. शिवाय ती नियमित यादीतच राहत नाही, म्हणून निकालाच्या टक्केवारीत तिची नोंद कोठेही होत नाही. विलीन झालेल्या शाळेचा निकाल उलट सुधारलेला दिसू शकतो.

सर्वच छोट्या शाळा राखाव्यात असा आग्रह मात्र मी धरणार नाही. दोन हायस्कुले एकाच डांबरी रस्त्यावर तीन किलोमीटरच्या अंतरात असतील, दोन्हींत चाळीस-चाळीस मुले असतील आणि दोन संस्थांच्या जुन्या भांडणामुळे त्या वेगळ्या चालत असतील, तर त्यांनी एकत्र येणे मुलांच्या हिताचे आहे. अशा जोड्या कोकणात थोड्याथोडक्या नाहीत. त्यांना हात घालायचा सोडून ज्या वाडीला दुसरा पर्यायच नाही तेथील पदे कापणे सोपे जाते, कारण तेथे भांडायला माणूस उरलेला नसतो. तुमची शाळा यांतील कोणत्या प्रकारात बसते, हे आधी कागदावर मांडा. प्रत्येक मुलाची वाडी, पुढच्या हायस्कूलपर्यंतचे अंतर, वाटेतील ओढे आणि एसटीच्या वेळा असा तक्ता शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी गेला, की निर्णय निदान पटाच्या एका आकड्यावर घेता येत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामस्थ मंडळाने मुंबईत वर्गणी काढून साठ वर्षांपूर्वी गावात हायस्कूल काढले. आता सुवर्ण महोत्सवानंतर जमलेला निधी शिल्लक आहे. सभागृह बांधावे असा बहुमताचा कल आहे. आपले मत काय? (मंडळाचे एक पदाधिकारी, डोंबिवली)

उत्तर : सभागृह बांधू नये. ज्या शाळेचा पट ओसरतो आहे तेथे वर्गखोल्याच रिकाम्या पडल्या आहेत. दोन खोल्यांमधली भिंत काढली तरी सभागृह होते. निधीचे व्याज तीन गोष्टींना लावता येईल. पद मंजूर नसेल किंवा रिकामे असेल तर गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला दरमहा वेळेवर आणि जगता येईल एवढे मानधन, ही पहिली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दूरच्या वाड्यांसाठी एक गाडी, ही दुसरी. तिसरी गोष्ट कमी खर्चाची असून सहसा कोणाच्या मनात येत नाही : दहावी झालेल्या प्रत्येक मुलाचे पुढे काय झाले याची तीन वर्षे ठेवलेली नोंद.

ही नोंद हवी, कारण अकरावी म्हणजे नवे गाव, नवा प्रवास आणि नवा खर्च. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले. पूर्वी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांच्या परिसरापुरती होती; खेड्यातील मूल जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन सरळ प्रवेश घेत असे. आता त्याला फेऱ्या, पसंतीक्रम आणि मोबाइलवर येणारे ओटीपी सांभाळावे लागतात, आणि वाडीत रेंज नसली तर मुदत निघून जाते. दहावीत ९८.८२ टक्के मुले उत्तीर्ण होणाऱ्या विभागातून बारावीला किती पोहोचतात, हा हायस्कूलच्या कामाचाच भाग धरला पाहिजे. मंडळाची माणसे डोंबिवलीत आणि ठाण्यात आहेत. आयटीआय, पदविका, परिचर्या अभ्यासक्रम यांची माहिती त्यांना घरबसल्या मिळते. जून महिन्यात त्यांतील दोघे-तिघे आठवडाभर गावच्या शाळेत जाऊन बसले आणि प्रत्येक मुलाचा अर्ज समोर भरून घेतला, तर सभागृहाच्या कोनशिलेपेक्षा तो पैसा अधिक कामी येईल. बहुमताचा प्रश्न उरतोच. कोनशिलेवर नाव हवे असणाऱ्यांसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा असते.

प्रश्न : माझा मुलगा दोन विषयांत नापास झाला. त्याच्यामुळे शाळेचा शंभर टक्के निकाल हुकला असे त्याला ऐकवले गेले. आता तो शाळेत पाऊल ठेवायला तयार नाही. त्याचे वर्ष वाया जाईल का? (एक आई, कुडाळ तालुका)

उत्तर : वर्ष वाया जात नाही. २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांसाठी निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास, पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्याला एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेशही घेता येतो. राहिलेले विषय त्याला ठरलेल्या मुदतीत सोडवावे लागतात. पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत ऑनलाइन भरला जातो आणि त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, म्हणून मुलाची वाट न पाहता तुम्ही स्वतः निकालपत्राची प्रत घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे. अर्ज भरून देणे हे शाळेचे काम आहे, ती मेहेरबानी नव्हे. गणित किंवा विज्ञान राहिले असेल तर त्या शिक्षकांना पुरवणीपर्यंत रोज एक तास मागावा. ज्यांनी त्याला ते शब्द ऐकवले त्यांच्याशी बोलायचे असेल, तर मुलाला बरोबर नेऊ नका. बोलणे मुख्याध्यापकांसमोर करा आणि पुरवणीचा अर्ज भरून झाल्यावर करा.